सेल्विनच्या पेडलची कुई

अल्बमबद्दल चांगलं लिहून आलेलं आमच्यात कुणी जपून ठेवत नाही. वाईट असेल ते सेल्विनच्या परसातल्या संडासात भिंतीला चिकटवतात. ही पद्धत अठ्ठ्याऐंशी सालची. पहिला अल्बम आला तेव्हा ऑकलंडच्या एका मोठ्या पेपरात क्वेंटिन मॉसप नावाच्या माणसाने लिहिलं होतं, आमच्या बँडचा, 'द डॅम्प रूम्स'चा ड्रमर म्हणजे जिन्यावरून एकट्याने कपाट खाली आणणारा माणूस. सेल्विन ते वाचून पोट धरधरून हसला, कात्रण घेऊन थेट संडासात गेला, आणि डिंकाची बाटली हातात घेऊनच बाहेर आला. पुढे घरात नवा संडास झाला, पण परसातला त्याने पाडू दिला नाही. भिंत भरत आलीय आता. बसल्या बसल्या वाचायला बरं पडतं.

मला सगळे टग म्हणतात, कारण मी पोर्ट चामर्स बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर कामाला होतो. खरं नाव आता डॉक्टरच्या कागदावर तेवढं उरलंय. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, वाद्य म्हणाल तर शिट्टीसुद्धा धड वाजत नाही. पण या बँडची व्हॅन चालवणं, ड्रम उचलणं, लावणं, काढणं, भांडणं लागली की मध्ये उभं राहणं, हे छत्तीस वर्षं मीच केलं. आणि एक काम न करणं हेही माझंच काम होतं. सेल्विनच्या पेडलला तेल घालायचं नाही.

त्याचं असं आहे. ड्रमवाला बसतो तेव्हा त्याच्या उजव्या पायाखाली पेडल असतं. ते दाबलं की मोठ्या ड्रमवर ठोका पडतो. सेल्विनचं पेडल दाबलं की ठोक्याच्या आधी एक बारीक कुई यायची. पहिला अल्बम आम्ही स्काउटांच्या हॉलमध्ये केला. तिथे एक माईक ड्रमच्या फार जवळ ठेवला गेला, म्हणजे मीच ठेवला, आणि ती कुई टेपवर बसली. परत वाजवायला वेळ नव्हता, टेप त्याहून नव्हती. राहू दे म्हटलं. तर लोकांना तीच आवडली! कार्यक्रमात हळू गाणं लागलं की पुढे उभी असलेली पोरं तोंडाने 'कुई, कुई' करायची. एकदा ख्राइस्टचर्चला एका नव्या साउंडवाल्याने चांगुलपणा म्हणून पेडलमध्ये तेल सोडलं. मी त्याला हॉलच्या बाहेर काढला, पेडल पेट्रोलने धुतलं, दोन दिवस समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं आणि परत गंजवून आणलं. इतकी आम्हाला त्या कुईची काळजी.

आणखी एक सांगून ठेवतो, पुढे लागेल. सेल्विनचा तिसरा ठोका जरा उशिरा येतो. घरून निघालेला माणूस फाटक लावलं की नाही म्हणून मागे वळून बघतो ना, तसा. शिकून येत नाही ते, आणि घालवायचं म्हटलं तर जातही नाही.

तर ऑगस्टातला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतला शनिवार. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर बोटं वाकतील असा गारठा, खाली धक्क्यावर ओंडके भरणारं जहाज लागलेलं. सेल्विनच्या स्वयंपाकघरात कोळशाची लोखंडी चूल पेटली होती. नव्या अल्बमच्या कव्हरवर हीच चूल आहे आणि अल्बमचं नावही तिचंच, 'कोल रेंज'. अठरा वर्षांनी आलेला अल्बम! बेव्हन खास ऑकलंडहून विमानाने आला होता. बेव्हन म्हणजे आमचा गाणारा. गाणी त्याची, आवाज त्याचा, टोपी त्याची. बास वाजवणारी लोर्ना डोंगरापलीकडून गाडी घेऊन आली होती, येताना वाटेत पेपर घेऊन. पद्धत ठरलेली होती. लोर्ना वाचणार, सेल्विन चीज रोल भाजणार, बेव्हन येरझाऱ्या घालणार आणि मी खाणार.

"कुईबद्दल लिहिलंय का काही?" सेल्विनने चुलीकडे तोंड करूनच विचारलं.

"अरे चष्मा तरी लावू देशील?" लोर्ना म्हणाली.

"सहज विचारलं."

"सहज म्हणे! आल्यापासून तिसऱ्यांदा विचारतोयस. लाजतोस काय? सरळ सांग, लोर्ना, माझं कौतुक आधी वाच."

बेव्हनने माझ्याकडे बघितलं. मी रोलकडे बघितलं. का ते सांगेन.

सेल्विनने तो अल्बम ऐकला नव्हता. त्याने एकही ऐकलेला नाही, छत्तीस वर्षांत. कुणी विचारलं की म्हणायचा, "ऐकायचं कशाला? मी होतो ना तिथे." म्हणून त्याच्यासाठी अल्बम म्हणजे लोर्ना वाचेल तो. लोक काय म्हणतात यावरून त्याला कळायचं आपण काय वाजवलं.

लोर्नाने आधी मोबाइलवरचं वाचलं. सिडनीच्या कुणी पाचपैकी चार तारे दिले होते. विद्यार्थ्यांच्या रेडिओवरच्या पोरीने लिहिलं होतं की तिच्या आईने लग्नाआधी ज्यांच्यामागे गावोगाव फिरण्यात उमेदीची वर्षं घालवली, ते लोक अजून जिवंत आहेत आणि चांगले जिवंत आहेत.

"उमेदीची वर्षं घालवली!" बेव्हन हसला. "आई कोण असेल रे, टग?"

"मला काय विचारतोस? मी व्हॅनमध्ये झोपायचो."

मग लोर्नाने पेपर उघडला, घसा साफ केला आणि म्हणाली, "बसा सगळे. मॉसप आहे."

"अजून लिहितो तो?" सेल्विन म्हणाला. "मला वाटलं मेला."

"ऐक. 'छत्तीस वर्षांपूर्वी मी या बँडच्या ड्रमरला जिन्यावरून कपाट आणणारा माणूस म्हटलं होतं. ते शब्द मी आज मागे घेतो. या वयात इतका घट्ट, इतका नेमका हात मी ऐकलेला नाही. आणि प्रत्येक ठोक्याच्या आधी ती ओळखीची कुई. सगळं यंत्रावर होतंय अशा दिवसांत ती कुई सांगते की इथे एक माणूस बसलाय.'"

बेव्हनने टेबलावर थाप मारली. "मॉसपने शब्द मागे घेतले! सेल, भिंतीवरचं पहिलं कात्रण खरवडावं लागणार लेका!"

लोर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं असतं, पण मी तेव्हा रोल गिळत होतो आणि तो खाली जात नव्हता.

सेल्विन वळला नाही. पाठमोराच म्हणाला, "परत वाच."

"सगळं?"

"कुईचं."

लोर्नाने परत वाचलं.

"आणि त्या सिडनीवाल्याने?"

"थांब हं. 'पेडलची जुनी कुरकुर अजून तशीच आहे, देवाची कृपा.'"

"रेडिओवालीने?"

"'पहिल्या गाण्यात आधी नुसती कुई येते आणि मग बँड. मी तिथेच रडले.' झालं समाधान? सगळ्यांनी तुझ्या गंजलेल्या लोखंडाची आरती केलीय. आम्ही आपले टाळ वाजवायला."

तेवढ्यात जळल्याचा वास आला. सेल्विनचे चीज रोल करपत नाहीत. त्याच्या आईच्या मयताला आलेल्या दोनशे माणसांना त्याने स्वतः भाजून घातले होते, एक करपला नव्हता. त्याने तो काळा झालेला ट्रे बाहेर काढला, तसाच बाजूला ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "टग, शेडमध्ये ये जरा. कोळसा आणायचाय."

कोळशाची बादली चुलीशेजारी काठोकाठ भरलेली होती.

शेडमध्ये त्याने ड्रमवरची चादर काढली. गुडघ्यावर हात ठेवून, दात आवळून तो स्टुलावर बसला. उजवा गुडघा त्याचा दोन वर्षं गेलेला, ऑपरेशनच्या यादीत नाव आहे, यादी काही हलत नाही. पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. धप्प. परत दाबला. धप्प.

"काय ऐकलंस?"

"ठोका."

"आणखी?"

"आणखी काही नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता कळलं, कुई नव्हती.

"बरोबर. आणखी काही नाही." तो खाली बघत होता. "फेब्रुवारीत, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी त्याला तेल घातलं. आमच्या नोलीनच्या शिलाई मशीनचं. गंजलेलं ते पायाने दाबतच नव्हतं रे. दोन गाणी झाली की गुडघा सुपाएवढा सुजायचा. तू तिकडे पित्ताच्या खड्यांसाठी हॉस्पिटलात पडलेला, आणि इकडे मी तुझ्यामागे तेल घालतोय. चोरासारखं वाटलं मला. तुला सांगायचं म्हणून दहादा फोन उचलला. मग वाटलं, नको, आधीच पोटाला टाके पडलेत त्याच्या."

छत्तीस वर्षांत तेवढंच एक रेकॉर्डिंग माझं चुकलं होतं.

"सहा महिने मी घाबरून बसलोय," तो म्हणाला. "आज कुणीतरी लिहिणार, कुई गेली. म्हातारा संपला. म्हणून सकाळपासून विचारतोय. आणि हे लोक म्हणतायत कुई आहे. प्रत्येक ठोक्याला आहे." मग त्याने मान वर केली. "जुनं पेडल तुझ्याकडे आहे ना, टग?"

ते माझ्याकडेच होतं. पहिल्या अल्बमचं पेडल. त्याची स्प्रिंग तुटली तेव्हा सेल्विनने तसंच दुसरं घेतलं, मी तेही गंजवून दिलं, आणि जुनं घरी आणून, स्प्रिंग बसवून, टीव्हीशेजारी ठेवलं. लोक देवाचा फोटो ठेवतात तसं.

मी सांगायला लागलो. एप्रिलमध्ये बेव्हन माझ्या घरी आला. बरोबर कॉम्प्युटर, एक माईक आणि कानाला लावायचे हेडफोन. म्हणाला, "टग, एक अडचण झालीय. सेलची कुई माईकवर आलीच नाही. पाय हलका पडतोय त्याचा. त्याला सांगायचं कसं? वाईट वाटेल. तू जुन्या पेडलवर नुसती कुई करून दे, मी मागून जोडतो." मला पटलं. सेल्विनला लाज वाटू नये म्हणून करतोय असं वाटलं. सोफ्यावर बसून, चपला काढून, दीड तास मी पेडल दाबलं. कानात ड्रम वाजत होते, त्या ठोक्यावर कुई, कुई. 'सेलला बोलू नकोस,' बेव्हन जाताना म्हणाला. मी म्हटलं, बरं.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. सेल्विनने ऐकलं. मग, देवाशप्पथ, त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे नुसती कुई तुझी," तो म्हणाला. "हात्तिच्या! म्हणजे दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली की रे. मी काय काय समजून बसलो! ठोके माझेच आहेत ना पण? तू ऐकलेस ना कानात? माझेच ना?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. एक 'हो' म्हणायचं, आत जायचं, चहा प्यायचा. तो अल्बम ऐकणारच नव्हता, जन्मात नाही. पुढच्या महिन्यात दौरा होता, तो जाऊन बसला असता ड्रमवर, मॉसपचा पेपर खिशात घेऊन. मला तोंड उघडायचं होतं हो म्हणायला. पण माझ्या कानात तो तिसरा ठोका होता.

एप्रिलमध्ये सोफ्यावर बसून मी वाट बघत होतो त्याची. एक, दोन, आणि तिसरा यायचा तेव्हाच येत होता. घड्याळासारखा. फाटकाकडे कुणी वळून बघत नव्हतं. पहिल्या गाण्यात मला वाटलं, बेव्हनने कॉम्प्युटरवर सरळ केलं असेल. दुसऱ्या गाण्यात तसंच. चौथ्या गाण्याला मी हेडफोन काढून बेव्हनकडे बघितलं, आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता. मी हेडफोन परत लावले. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर असं आहे. मला कळलं होतं आणि मी विचारलं नाही.

"टग?"

"तिसरा वेळेवर येतो, सेल," मी म्हटलं.

त्याने पेडलवरचा पाय काढला. मग खुंटीवरची चादर घेतली, ड्रमवर घातली, चारी टोकं नीट ओढली. उठताना मी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

आत बेव्हन आणि लोर्ना दौऱ्याचं बोलत होते. सेल्विन टेबलाशी उभा राहिला. "किती गाण्यांवर आहे मी, बेव्हन?"

"म्हणजे?"

"अकरा गाणी आहेत. किती गाण्यांवर मी वाजवतोय?"

"अरे, सगळीकडे तूच आहेस. तुझ्याशिवाय हा अल्बम..."

"मी कव्हरवरच्या चुलीचं विचारत नाही. ड्रमचं विचारतोय."

बेव्हनने माझ्याकडे बघितलं. या खेपेला मी नजर वळवली नाही. त्याने टोपी काढली, टेबलावर ठेवली. टोपीशिवाय तो एकदम त्याच्या बापासारखा दिसतो.

"एका," तो म्हणाला. "शेवटच्या."

लोर्नाने पेपर खाली ठेवला. "काय?" ती म्हणाली. "मी याच्याबरोबर वाजवलंय बेव्हन, रेकॉर्डिंगच्या त्या हॉलमध्ये, याच्यासमोर बसून! तू म्हणालास थोडं नीटनेटकं केलं."

"ऐकलंस ना तू? कळलं नाही तुला?"

लोर्नाने चष्मा काढला. मग हळूच म्हणाली, "नीटनेटकं केलंय असं वाटलं." पण तिच्या तोंडावरून दिसत होतं, तिलाही कुठेतरी एकदा हेडफोन काढावेसे वाटले असणार.

"कोण आहे तो?" सेल्विनने विचारलं.

"ऑकलंडचा एकजण. दोन दिवसांत करून गेला. तुझीच पद्धत धरून वाजवलंय त्याने, सेल. शप्पथ. मी काय करणार होतो? तुझा पाय चालत नव्हता. प्रत्येक गाणं मध्येच बसायचं. अठरा वर्षांनी अल्बम येतोय, आणि लोकांनी म्हणायचं, बिचारे, म्हातारे झाले? दया केली असती त्यांनी आपल्यावर! मला शिव्या चालतील, दया नाही चालणार."

"मग सांगायचं होतं. म्हातारा झालास, ऊठ तिथून, दुसऱ्याला बसू दे."

"उठला असतास?"

"आधी तो तवा तुझ्या डोक्यात घातला असता," सेल्विन म्हणाला. "मग उठलो असतो."

आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. एकदा टिमारूच्या हायवेवर या दोघांनी व्हॅन थांबवून मारामारी केली होती, पुढच्या गावात एकाच प्लेटमधून मटण पॅटिस खाल्लं होतं. तसं काही होईल म्हणून मी दाराकडे सरकलोसुद्धा होतो, मध्ये पडायला.

"दौऱ्यात तूच वाजवणार आहेस," बेव्हन म्हणाला. "ते ठरलेलंच आहे. हळू घेऊ. खुर्ची उंच करू."

"काय वाजवू?"

"काय म्हणजे? हीच गाणी."

"माणसं अल्बम ऐकून येणार. त्यांना तो ऑकलंडवाला ऐकायचाय. म्हणजे मी घरी बसून त्याचं शिकायचं, आणि मग स्टेजवर जाऊन माझ्या नावाने वाजवायचं. असंच ना?"

सेल्विन लोर्नाकडे वळला. "मॉसपने शेवटच्या गाण्याबद्दल काही लिहिलंय का?"

"सोड ना, सेल."

"वाच."

लोर्नाने पेपर उचलला. "'शेवटचं गाणं मात्र गाळलं असतं तर बरं झालं असतं. ड्रम जागोजागी रेंगाळतात, जणू वाजवणाऱ्याचं लक्ष घराकडे लागलंय.'"

खाली बंदरात जहाजावर ओंडका पडल्याचा आवाज आला. सेल्विनने मान हलवली, दुकानदाराने मोड बरोबर दिली की आपण हलवतो तशी. खणातून कात्री काढली, पेपर घेतला, आणि तेवढ्याच दोन ओळी कापल्या. कौतुकाचा बाकीचा सगळा कागद चुलीचं झाकण उचलून आत टाकला. मग डिंकाची बाटली घेतली आणि लंगडत परसात गेला.

बेव्हन त्याच दिवशी दुपारच्या विमानाने गेला. पुढच्या आठवड्यात जाहीर झालं की गुडघ्यामुळे सेल्विन दौऱ्यावर येऊ शकत नाही. लोकांनी फुलं पाठवली, रेडिओवालीने पत्र लिहिलं. ड्रमवर तो ऑकलंडवाला बसला. बेव्हनने मला व्हॅनसाठी फोन केला तेव्हा मी म्हटलं, पोटाचे टाके दुखतात. सात महिन्यांपूर्वीचे टाके! त्यालाही कळलं, मलाही. लोर्ना गेली. तिला मी दोष देत नाही, कुणाला द्यायचा तर रांग माझ्यापासून सुरू होते.

पाच आठवडे मी सेल्विनच्या टेकडीवर गेलो नाही. रोज धक्क्यापर्यंत जायचो, तिथून त्याच्या घराचा धूर दिसतो, धूर बघून परत यायचो. मग एका मंगळवारी सकाळी टीव्हीशेजारचं पेडल पिशवीत घातलं आणि गेलो.

सेल्विनच्या बायकोने, नोलीनने दार उघडलं. "आलात एकदाचे," म्हणाली. तिने पिशवीकडे बघितलं आणि बाजूला झाली.

सेल्विन स्वयंपाकघरात मटार सोलत होता. मी पेडल टेबलावर ठेवलं. त्याने ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं, मी बसवलेली स्प्रिंग अंगठ्याने दाबली. कुई वाजली. तीच. पहिल्या दिवसाची.

"चांगलं ठेवलंयस," तो म्हणाला.

"तुझं आहे. परत घे."

"नको. तूच वाजवतोस ते." परत माझ्याकडे सरकवलं आणि मटारला लागला.

बस म्हणाला नाही. जा म्हणाला नाही. मी उभाच. छत्तीस वर्षांत या घरात मला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं, कारण मी विचारल्याशिवायच बसायचो. आज खुर्ची समोर होती आणि हात लावायचं धाडस होत नव्हतं.

"वाटाण्याचं सूप करतोयस?" मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"हं."

"थंडी आहे."

"हं. संडासला जाऊन ये हवं तर. एवढं चढून आलायस." मग जरा थांबून म्हणाला, "परसातल्या."

मी पेडल पिशवीत टाकलं आणि पिशवी घेऊन गेलो. दाराला आतून कडी घातली. तीच भिंत. कपाटवाला मॉसप वर कोपऱ्यात, पिवळा पडलेला. त्याच्याखाली सगळ्या वर्षांच्या शिव्या, कितीतरी माझ्या पाठ. आणि बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर त्या दोन ओळी, घराकडे लक्ष लागलेल्या. त्यांच्याभोवती त्याने पेन्सिलीने चौकट काढली होती. बाकी कुठल्याच कात्रणाला चौकट नाही.

शेजारी अल्बमचं मागचं कव्हर चिकटवलं होतं, कोण काय वाजवतंय ते छापलेलं. गाणं आणि गिटार, बेव्हन. बास, लोर्ना. ड्रम, सेल्विन. सेल्विनवर एक सरळ रेघ ओढलेली, पट्टी लावून ओढावी तशी. खाली मोकळ्या जागेत त्याच पेन्सिलीने, त्याच्या त्या पोरकट मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

कुई, टग.

माझं नाव कुठल्याही अल्बमवर कधी आलेलं नाही. एकदाही नाही. ड्रम उचलणाऱ्यांची नावं कोण छापतं? आम्ही दारू प्यायलो की सेल्विन म्हणायचा, पुढच्या खेपेला तुझं नाव घालायचंच टग्या, मी बेव्हनला सांगतो. आणि आता आलं होतं. सगळ्या शिव्यांच्या मध्ये.

मी तिथे बराच वेळ बसलो. बाहेर पाऊल वाजलं, लंगडं. उजवा पाय टाकताना तो जरा थांबतो, मग डावा येतो. एक, दोन, आणि तिसऱ्याला उशीर. दाराशी येऊन थांबला.

"साखळी हळू ओढ," सेल्विन बाहेरून म्हणाला. "अडकते."

"माहितीय," मी म्हटलं.

"माहितीय, माहितीय. सगळं माहीत असतं तुला."

पावलं परत घराकडे गेली. मी साखळी ओढली, हळू. पिशवी दाराबाहेर ठेवली होती, ती उचलली, आणि घराच्या बाजूने न जाता कुंपणाच्या कडेकडेने खाली उतरलो. खाली पोचल्यावर आठवलं, फाटक लावलं की नाही. वळून बघितलं. लावलं होतं.